कुलूपबंद घरातला संगणक दुरून कसा चालवायचा?

‘तुमचं वीजबिल थकलं आहे, आज रात्री लाइट कापली जाईल’ असा मेसेज येतो. मग फोन. मग ‘हे ॲप टाका आणि त्यात दिसणारा नंबर सांगा’. या चालीने पैसे गेल्याच्या बातम्या इतक्या वेळा आल्या की ‘एनीडेस्क’ हे दुरून यंत्र चालवायच्या ॲपचं नाव ऐकूनच लोक दचकतात. रिझर्व्ह बँकेनेही फेब्रुवारी २०१९ मध्ये याच ॲपचं नाव घेऊन बँकांना सावध केलं होतं.

दचकता ते बरंच आहे. पण नागपूरच्या इतवारीतला ठोक व्यापारी लग्नासाठी रायपूरला गेला तरी संध्याकाळी दुकानातलं टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडून बघतो. धरमपेठेतले कर सल्लागार लेकीकडे पुण्याला जातात आणि जीएसटीआर-३बी या जीएसटी विवरणपत्राची २० तारीख जवळ आली की तिथूनच ऑफिसातल्या संगणकावरचे आकडे काढतात. ते वापरतात ते तंत्र हेच. फरक एवढाच, की सुरुवात त्यांनी स्वतः केलेली असते आणि पासवर्ड त्यांच्याशिवाय कोणाकडे नसतो.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या, दिवाळी, मुलांची घरं पुण्या-बंगळुरात. नागपूरकरांचं बाहेर राहणं वाढलंय आणि ‘घरचा कॉम्प्युटर इथून दिसेल का?’ हा प्रश्नही. दिसेल. सॉफ्टवेअर टाकणं अर्ध्या तासाचं काम आहे. डोकं लावावं लागतं ते एकाच गोष्टीला: घराला कुलूप लागल्यावर तिथे बटण दाबायला कोणी नाही.

## नेमकं होतं काय?

याला रिमोट ॲक्सेस म्हणतात. घरच्या संगणकाच्या पडद्याचं चित्र इंटरनेटवरून तुमच्या हातातल्या लॅपटॉपवर किंवा मोबाइलवर येतं, आणि तुम्ही हलवलेला माउस, टाइप केलेली अक्षरं उलट दिशेने घरी जातात. बस्स. प्रोग्रॅम चालतो तो घरीच, फाइलही घरीच राहते.

त्यामुळे दोन फायदे होतात. हातातला लॅपटॉप जुना आणि मरतुकडा असला तरी चालतो, कारण मेहनत घरचं यंत्र करतं. आणि नेट मध्येच तुटलं तरी काम बुडत नाही. मुंबईच्या गाडीत कसारा घाटातल्या बोगद्यांत नेटवर्क गेलं, तर पडदा गोठतो; बाहेर आल्यावर पुन्हा जोडलंत की अर्धवट भरलेलं व्हाउचर जिथे होतं तिथेच उघडं असतं.

तोटाही इथेच आहे. तिकडचा संगणक बंद पडला, झोपला किंवा नेटपासून तुटला, तर हातातलं यंत्र कितीही महाग असो, उपयोग शून्य.

## आधी हे सांगा, हे लागतंच का?

अनेकांना संगणक नको असतो, चार फायली हव्या असतात. आधारची स्कॅन, घराच्या इंडेक्स टूची पीडीएफ, मुलाचा दाखला. त्यासाठी यंत्र दहा दिवस चालू ठेवण्यात अर्थ नाही. त्या फायली गूगल ड्राइव्हवर किंवा वनड्राइव्हवर टाका, घरून निघा, विषय संपला. मला कोणी विचारलं तर निम्म्या वेळा माझं उत्तर हेच असतं.

रिमोट ॲक्सेस लागतो तो प्रोग्रॅम त्या यंत्राशी बांधलेला असेल तेव्हा. टॅलीचं लायसन्स त्या संगणकावर आहे. डीटीपीवाल्याचं श्रीलिपी हे मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर डोंगल, म्हणजे परवान्याची यूएसबी किल्ली, लावलेल्या मशीनवरच उघडतं. लग्नाचे फोटो काढणाऱ्याचा माल दोन-दोन टेराबाइटचा आहे, तो कुठे अपलोड करत बसणार? अशांसाठी पुढचं सगळं.

## आपलंच घर, मग बाहेरून शिरणं अवघड का?

इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता लागतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. जुन्या पद्धतीचे असे पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. ते वाटणाऱ्या जागतिक संस्थेचा साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला. म्हणून काटकसर सुरू झाली. घरातल्या पाच-सहा यंत्रांना मिळून एकच बाहेरचा पत्ता, आणि आतल्या आत प्रत्येकाला १९२.१६८ ने सुरू होणारा घरगुती पत्ता.

घराची कल्पना एखाद्या फ्लॅट स्कीमसारखी करा. गेटवर वॉचमन आहे, तो म्हणजे तुमचा राउटर. तुम्ही आतून जेवण मागवलंत तर वॉचमन डिलिव्हरीवाल्याला वर सोडतो, कारण तुम्ही आधी खाली सांगून ठेवलेलं असतं. पण कोणी अचानक गेटवर येऊन ‘आत जायचंय’ म्हणाला, तर त्याला कोणत्या फ्लॅटला पाठवायचं हे वॉचमनला ठाऊक नाही. तो त्याला परत लावतो. इंटरनेटचंही तसंच: आतून बाहेर गेलेल्या मागणीचं उत्तर आत येतं, बाहेरून आपणहून आलेली मागणी गेटवरच अडते.

आता भर म्हणजे, कित्येक नेट कंपन्यांनी अशा शेकडो घरांना मिळून एकच पत्ता दिलेला असतो. म्हणजे तुमची स्कीम एका मोठ्या टाउनशिपच्या आत, आणि टाउनशिपला वेगळं गेट. तिथला वॉचमन कंपनीचा, तुमचं ऐकणारा नाही. याला सीजीनॅट म्हणतात. तुमच्याकडे ते आहे का हे बघायला ब्राउझरमध्ये राउटरच्या सेटिंगच्या पानावर जा आणि ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ या शीर्षकाखालचा पत्ता वाचा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल तर तुम्ही टाउनशिपमध्ये आहात. जास्तीचे पैसे भरून स्वतंत्र पत्ता घेता येतो, पण घरगुती कामासाठी त्याची गरज नाही, ते कसं ते पुढे येतंच.

## गेट कायमचं उघडं ठेवायचा सल्ला

जुन्या व्हिडिओंमध्ये एक उपाय हमखास सापडतो: राउटरला सांगून ठेवा की अमुक क्रमांकावर कोणीही आलं तरी थेट माझ्या संगणकाकडे पाठव. याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. विंडोजमध्येच असलेल्या ‘रिमोट डेस्कटॉप’ या दुरून चालवायच्या सोयीचा ठरलेला क्रमांक ३३८९.

हे करू नका. सीजीनॅटमध्ये ते चालतच नाही, आणि जिथे चालतं तिथे तर मुळीच करू नका. गेटवरून हात करणाऱ्या माणसाची कल्पना मनातून काढा. इथे यंत्रं येतात. जुन्या पद्धतीचे जगातले सगळे पत्ते एका साध्या संगणकावरून तासाभराच्या आत चाचपता येतात, हे संशोधकांनी २०१३ मध्येच दाखवलं होतं. तुमचं ३३८९ उघडं दिसलं की पासवर्डांचे अंदाज सुरू होतात, दिवसरात्र. आणि पासवर्ड कडक असला तरी पुरेसं नाही. मे २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमध्ये ‘ब्लूकीप’ नावाचा दोष सापडला, त्यात पासवर्ड न देताच आत शिरता येत होतं. प्रकरण इतकं गंभीर होतं, की मायक्रोसॉफ्टने केव्हाच सोडून दिलेल्या विंडोज एक्सपीसाठीही दुरुस्ती काढली.

‘माझ्या कॉम्प्युटरात कोणाला काय मिळणार?’ हे वाक्य इथे नेहमी येतं. चोराला तुमचे हिशेब वाचायचे नसतात. तो सगळ्या फायलींना कुलूप ठोकतो आणि सोडवायचे पैसे मागतो. तुमचे घरचे फोटो त्याच्या कामाचे नाहीत. तुमच्या मात्र आहेत, आणि त्यावरच त्याचा धंदा चालतो. क्रमांक ३३८९ ऐवजी दुसरा ठेवल्याने थोडी गर्दी कमी होते, एवढंच.

## मग आत जायचं कसं?

युक्ती उलटी आहे. बाहेरच्याने आत यायचं नाही. घरच्या संगणकाने बाहेर यायचं. तो आपणहून एका मधल्या सर्व्हरशी बोलणं सुरू करतो आणि ते चालू ठेवतो. तुम्हीही तिकडून त्याच सर्व्हरकडे जाता, तो दोघांची गाठ घालून देतो. दोन्ही वॉचमनना यात काही वावगं दिसत नाही, कारण मागणी आतून गेलेली आहे. सीजीनॅट असो, हॉटेलचं वायफाय असो, बहुतेक ठिकाणी हे चालतं.

घरगुती वापरासाठी मी क्रोम रिमोट डेस्कटॉप सुचवतो. फुकट आहे, गूगल खात्यावर चालतं, विंडोज होम असली तरी अडत नाही. घरच्या संगणकावर क्रोममध्ये रिमोटडेस्कटॉप डॉट गूगल डॉट कॉम उघडा, ‘रिमोट ॲक्सेस’ सुरू करा, तो एक छोटा प्रोग्रॅम उतरवायला सांगेल. संगणकाला नाव द्या, किमान सहा आकडी पिन ठेवा. जन्मतारीख नको, गाडीचा नंबरही नको. बाहेरगावी त्याच पत्त्यावर त्याच खात्याने जायचं, नावावर क्लिक करायचं, पिन टाकायचा.

एक बारकावा: यात घरच्या पडद्यावरही सगळं दिसतं. तुम्ही पुण्याहून माउस हलवाल तेव्हा घरी कोणी असेल, तर बाण आपोआप फिरताना बघून घाबरेल. सांगून ठेवा.

दुसरा रस्ता व्हीपीएनचा, म्हणजे तुमच्या मोजक्या यंत्रांचं इंटरनेटवरच, पण बाहेरच्यांना न दिसणारं खासगी जाळं. टेलस्केलसारख्या सेवा हे आतून-बाहेर याच युक्तीने जुळवून देतात, आणि घरगुती वापराला पैसे पडत नाहीत. दोन्ही यंत्रांवर ती टाका, एकाच खात्याने आत जा, मग विंडोजचा स्वतःचा रिमोट डेस्कटॉप त्या जाळ्यातून वापरा. पडदा जास्त स्वच्छ दिसतो, छपाई आणि फायलींची ने-आण सोपी होते, आणि घरच्या मॉनिटरवर कुलूपाचा पडदा राहतो. अट एकच: घरच्या यंत्रावर विंडोज प्रो लागते, होम आवृत्ती दुसऱ्याला आत घेत नाही. शिवाय आत शिरताना खात्याचा पासवर्ड लागतो, रोज बोटाने टाकता तो पिन नव्हे. अनेकांना तो आठवतच नसतो. निघण्याच्या आदल्या रात्री कळलं तर वैताग होतो.

एनीडेस्क, टीमव्ह्यूअर? दोन्ही जर्मन कंपन्यांची चांगली साधनं आहेत. पण फुकटची परवानगी फक्त खासगी वापराला. दुकानाच्या टॅलीला वापराल, तर टीमव्ह्यूअर ‘व्यावसायिक वापर दिसतो’ म्हणून मध्येच तोडायला लागतो. एनीडेस्कने तर फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्याच यंत्रणेत घुसखोरी झाल्याचं कबूल केलं होतं. मधल्या माणसावर किती विसंबायचं हा प्रश्न इथे सगळ्यांनाच लागू आहे, गूगललाही.

### डोंगल आणि डीएससी म्हणजे डिजिटल सहीवाल्यांसाठी

डिजिटल सहीचा यूएसबी टोकन घरच्या संगणकाला लावून ठेवलात आणि विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने आत गेलात, तर टोकन दिसतच नाही. विंडोज अशा वेळी घरचं नव्हे, तुमच्या हातातल्या यंत्राला लावलेलं कार्ड शोधते. क्रोम रिमोट डेस्कटॉपमध्ये ही अडचण येत नाही, कारण तिथे घरचाच पडदा जसाच्या तसा चालू असतो. काही डोंगलवाले प्रोग्रॅमही रिमोट डेस्कटॉप ओळखून उघडायला नकार देतात.

पण दिसला म्हणून टोकन दहा दिवस लावून जावं का? माझं मत, नाही. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने त्या सहीला हातच्या सहीचं वजन आहे. टोकन सोबत न्या. सहीचं काम हातातल्या लॅपटॉपवर करा.

## खरी गोची: लाइट, झोप, अपडेट

इथपर्यंतचं सगळं घरी बसून छान चालतं. बिघडतं ते तिसऱ्या दिवशी.

झोपेपासून सुरू करू. विंडोज काही वेळ कोणी हात लावला नाही की संगणक झोपवते, आणि झोपलेला संगणक नेटवर नसतो. सेटिंगमध्ये पॉवरच्या भागात ‘स्लीप’ला ‘नेव्हर’ करा. पडदा बंद होऊ द्या, त्याने काही अडत नाही. लॅपटॉप असेल तर झाकण लावल्यावर ‘काहीही करू नको’ हेही ठरवून द्या, नाहीतर सफाई करताना कोणीतरी झाकण खाली करतं आणि तुमचं काम तिथे संपतं.

मग अपडेट. ते निघण्याआधी स्वतः करून घ्या, संगणक एकदा पुन्हा सुरू करा, आणि मग अपडेट आठवडा-दोन आठवड्यांसाठी थांबवा. पुन्हा सुरू झाल्यावर लॉगिनच्या पडद्यावर असतानाही तुमचा रिमोट प्रोग्रॅम चालू होतो का, हे जरूर पाहा. क्रोमचा होतो. एनीडेस्क नुसतं डाउनलोड करून, इन्स्टॉल न करता चालवलं असेल तर होत नाही. अजून विंडोज १० असेल तर तिचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला आहे. नेटवर दिवसरात्र उभं ठेवायला ती मशीन योग्य नाही.

आणि लाइट. मे-जूनमध्ये संध्याकाळी वावधान सुटलं, की अर्ध्या शहराची लाइट जाते हे नागपूरकराला सांगायला नको. इन्व्हर्टर आहे म्हणून निश्चिंत राहू नका. इन्व्हर्टरच्या मागे बहुधा एक छोटं बटण असतं, एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला साधा मोड. साध्या मोडवर लाइट जाता-येता जो क्षणभराचा खंड पडतो, त्यात पंखा आणि बल्ब तग धरतात, डेस्कटॉप धरत नाही. तो बंद होतो, आणि बंदच राहतो. कारण लाइट परत आली तरी बटण कोण दाबणार?

यावर उपाय संगणकातच आहे, फार कमी लोकांना माहीत असलेला. सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ दाबून बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, जा. पॉवरच्या पानावर ‘रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस’ किंवा त्याच्याच आसपासच्या नावाचा पर्याय सापडेल. तिथे बहुधा तीन गोष्टी असतात: बंद राहा, आधी होतास तसा हो, सुरू हो. ‘पॉवर ऑन’ म्हणजे सुरू हो, ते निवडा. मग लाइट आली की संगणक आपणहून उठतो. अनेक लॅपटॉपांत हा पर्याय नसतो. त्यांना बॅटरीचा आधार असतो, पण बॅटरी पूर्ण उतरली की खेळ संपला.

राउटर आणि फायबरचा डबा विसरू नका. संगणक यूपीएसवर आणि राउटर साध्या प्लगवर, असं कित्येक घरांत असतं. दोन्ही बारा व्होल्टचे असतील तर त्यांच्यासाठी पुस्तकाएवढा छोटा यूपीएस मिळतो, तो दोन-तीन तास सहज काढतो. एवढं करूनही कंपनीचा गल्लीतला डबाच बंद पडला तर तुमच्या हातात काही नाही. ते गृहीत धरा.

## ‘बाहेरगावी जाताना मेन बंद करायचं असतं!’

हा आक्षेप घरातल्या मोठ्यांचा असतो, आणि तो उगाच नसतो. वीज कडाडली की टीव्हीची वायर काढणारी पिढी आहे ती. पूर्ण मेन चालू ठेवू नका. बहुतेक घरांत खोल्यांचे एमसीबी वेगळे असतात. संगणकाच्या खोलीचा तेवढा ठेवा, बाकीचे पाडा. संगणक आणि राउटर सर्ज प्रोटेक्टरच्या बोर्डावर लावा.

बिलाचं म्हणाल तर साधा डेस्कटॉप काम नसताना ५० ते ६० वॅट खातो. दिवसाला सव्वा ते दीड युनिट, दहा दिवसांचे साधारण बारा ते पंधरा. लॅपटॉपचं याच्या चौथाई धरा.

मला काळजी वाटते ती उकाड्याची. मे महिन्यात नागपूर ४५ अंशांपार जातं, बंद खोलीत कूलरही नाही, आणि वरच्या मजल्यावर स्लॅब रात्रीपर्यंत तापलेला. अशा खोलीत लॅपटॉप आठवडाभर चार्जिंगला लावून ठेवू नये, बॅटरी फुगते. डेस्कटॉपचा पंखा धुळीने भरलेला असेल तर तो तापून स्वतःच बंद होतो. यंत्र त्यातल्या त्यात थंड खोलीत, भिंतीपासून हातभर दूर ठेवा, आणि दिवसरात्र चालू न ठेवता लागेल तेव्हाच उठवा.

उठवायचं कसं? लोक वेक-ऑन-लॅनचं नाव घेतात. त्यात संगणकाला एक ठराविक साचा असलेला संदेश जातो आणि तो जागा होतो. पण त्याला वायफाय सहसा चालत नाही, वायर लागते. शिवाय हा संदेश घरातल्या घरात फिरतो. बाहेरून थेट येत नाही, घरात आणखी एखादं यंत्र जागं असावं लागतं, जे तुमच्या वतीने तो पाठवेल.

मला स्मार्ट प्लग जास्त भरवशाचा वाटतो. काम झालं की दुरूनच रीतसर शट डाउन करा, दोन मिनिटांनी मोबाइलवरून प्लग बंद करा. पुन्हा लागेल तेव्हा प्लग चालू करा. मघाची बायॉसची सोय संगणकाला उठवते. म्हणूनच तिथे ‘आधी होतास तसा हो’ हा पर्याय नको: आधी तो बंद होता, तर बंदच राहील. चालू संगणकाचा प्लग मात्र कधीच तोडू नका. आणि ज्यांच्याकडे असा प्लग नाही त्यांनी सवयीने शट डाउनवर क्लिक करू नये. पुण्यात बसून नागपूरचा संगणक बंद करणं फार सोपं आहे. उलट काम तितकं सोपं नाही.

राउटर लटकला तर प्लगही मुका होतो. तेव्हा उपयोगी पडतात शेजारच्या काकू, ज्यांच्याकडे झाडांना पाणी घालायला किल्ली असते. त्यांना ‘राउटर रीस्टार्ट करा’ सांगून उपयोग नाही. डब्याच्या प्लगवर लाल टेप लावा आणि फोनवर विचारा, ‘‘काकू, त्या पांढऱ्या डब्यावर लाल लाइट चमकून राहिला का?’’ ‘‘हो नं बेटा, चमकून राहिला.’’ ‘‘मग लाल टेपवालं बटण बंद करा, शंभर मोजा, चालू करा.’’ एवढ्याने बहुतेक वेळा भागतं.

## सुरक्षित आहे का हो हे?

तुमचं गूगल किंवा टेलस्केलचं खातं ज्याच्या हाती लागलं, त्याच्या हाती संगणक लागला. त्यामुळे त्या खात्याचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरलेला नसावा आणि दुहेरी पडताळणी चालू असावी. परदेशात जात असाल तर ती एसएमएसवर ठेवू नका. रोमिंग नसलेल्या सिमवर ओटीपी येत नाही आणि तुम्हीच दाराबाहेर राहता. ऑथेंटिकेटर ॲप वापरा, आणि खातं देतं ते राखीव कोड कागदावर लिहून पाकिटात ठेवा, मोबाइलच्या कव्हरमागे नको.

मोबाइल गाडीत चोरीला गेला तर? दुसऱ्या कोणाच्या फोनवरून, खासगी विंडोत, आपल्या खात्यात जाऊन ते उपकरण काढून टाका आणि पासवर्ड बदला. मग सिम बंद करायला फोन लावा.

हॉटेलच्या वायफायची भीती थोडी अवाजवी आहे. वर सांगितलेली साधनं चित्र आणि टाइपिंग गुंडाळूनच पाठवतात, मधला माणूस ते वाचू शकत नाही. धोका असतो तो परक्या संगणकाचा. लॉजच्या रिसेप्शनवरचा, सायबर कॅफेतला, ‘हा वापरा ना’ म्हणून पुढे केलेला. त्यात तुम्ही टाइप केलेलं नोंदवून ठेवणारं काही असेल तर तुम्हाला कळणारही नाही. स्वतःच्याच यंत्रावरून जा.

बँकेचं काम यातून करू नका. गरजच नाही, बँकेचं ॲप हातातच आहे. ऑफिसचा संगणक असेल तर कंपनीच्या आयटीवाल्यांना विचारल्याशिवाय काही टाकू नका. मिहानमधल्या कंपन्यांत काय किंवा सरकारी कार्यालयात काय, हा नोकरीवर येणारा विषय आहे.

आणि सुरुवातीच्या भीतीचं काय? कसोटी सोपी आहे. कोणी दुसऱ्याने तुम्हाला फोन करून ॲप टाकायला, नंबर वाचायला, पडदा दाखवायला सांगितलं, तर तो ठग. बँकेचा असो, महावितरणचा असो, पोलिसांचा गणवेश घालून व्हिडिओवर आलेला असो. नंबर देऊन बसलात तर आधी नेट तोडा, मग बँकेला आणि १९३० वर कळवा, जितक्या लवकर तितकं बरं.

## निघण्याआधी दोन परीक्षा

घरच्या वायफायवर बसून चालतंय म्हणून खूश होऊ नका. तेव्हा दोन्ही यंत्रं एकाच छताखाली असतात, गेटचा प्रश्नच येत नाही. मोबाइलचं वायफाय बंद करा, गल्लीच्या टोकाच्या पानठेल्यापर्यंत जा आणि मोबाइल डेटावरून घरच्या संगणकात शिरून बघा. एखादी फाइल उघडा, चार ओळी टाइप करा, जतन करा.

दुसरी परीक्षा थोडी निर्दयी आहे. सगळे प्रोग्रॅम बंद करा, काम जतन करा आणि त्या खोलीचा एमसीबी पाडा. बॅकअपवर असलेलं सगळं उतरेपर्यंत थांबा किंवा त्यांचे प्लग काढा. मग पुन्हा चालू करा आणि कशालाही हात लावू नका. दहा मिनिटांत संगणक रिमोटच्या यादीत पुन्हा दिसला, तर तयारी झाली. नाही दिसला, तर दोष शोधायला आज तुम्ही घरी आहात.

हे प्रवासाच्या आदल्या रात्री नको, निदान आठवडाभर आधी करा.

## परत आल्यावर बंद करायचं का?

रोज वापर नसेल तर हो. क्रोम रिमोट डेस्कटॉपच्या पानावर संगणकाच्या नावापुढे काढून टाकायचं चिन्ह आहे. पुढच्या वेळी पुन्हा जोडायला पाच मिनिटं लागतात. टेलस्केल असेल तर बाहेर पडा आणि जुनी यंत्रं, विकलेला मोबाइल वगैरे, यादीतून काढा. स्लीपचं सेटिंग पूर्ववत करा, थांबवलेले अपडेट चालू करा. बायॉसमधला पर्याय राहू द्या, तो काही त्रास देत नाही. फक्त लाइट आल्यावर संगणक आपोआप सुरू झाला की घरच्यांना दचकू नका म्हणावं.